कोब्यावर उभे राहणाऱ्यांचे बूट



या सदरातून आपण आजवर बेणे, खोडवा, पाचट, पाण्याच्या पाळ्या असे विषय घेत आलो. या खेपेचा पाठ पायांचा आहे. कोणी म्हणेल, ऊस पिकवणाऱ्याला बुटांचे काय शिकवता? ज्याचे उभे आयुष्य काळ्या रानात अनवाणी नाहीतर पायताणावर गेले, त्याच्या लेखी बूट म्हणजे लग्नात नवरदेवाने घालायची वस्तू! पण आपल्याच घराघरांतून आज काय दिसते ते पाहा. एक मुलगा कारखान्यात हंगामी कामगार म्हणून साखरेच्या पोत्यांवर आहे, पुतण्या फिटिंग शॉपमध्ये आहे, घरची लक्ष्मी पहाटे गोठ्यातल्या ओल्या कोब्यावर धारा काढते आणि दूध संकलन केंद्रावर कॅन ओतणारा पोरगाही कोब्यावरच उभा असतो. रान सुटलेले नाही, पण दिवसाचे कितीतरी तास मातीवरून सिमेंटवर गेले आहेत.

आणि तक्रारी सगळीकडे सारख्याच ऐकू येतात. पाय भरून येतात. टाच धरते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिले पाऊल टाकवत नाही. घरात यावर एकच निदान ठरलेले असते, "वात आहे." मग एरंडेल होते, विटेचा शेक होतो, झालेच तर दवाखान्यात एक इंजेक्शन होते. दुसऱ्या दिवशी तोच पाय त्याच बुटात जातो. बुटाकडे बघायचे कुणाला सुचत नाही.

कोबा पायाला काय करतो

मातीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा पाय क्षणभरही एका ठेवणीत राहत नाही. एक ढेकूळ टाचेखाली येते, एक चवड्याखाली येते. माती दबते, पाय कलतो, पुन्हा सावरतो. माणसाच्या एका पावलात २६ हाडे आहेत, आणि या कलण्या-सावरण्यामुळे भार कधी या हाडावर तर कधी त्या हाडावर जातो. कोबा दबत नाही आणि कलतही नाही. पाळीच्या पहिल्या मिनिटाला टाचेचा जो भाग टेकला तोच आठव्या तासाला टेकलेला असतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यातून एक जाड पट्टा गेलेला आहे, तोच आपली कमान धरून ठेवतो. तो एकसारखा ताणला गेला की टाचेजवळ दुखावतो. रात्रभर पाय आखडलेला असतो, सकाळी भार पडताच तो पट्टा पुन्हा ताणला जातो, म्हणून पहिले पाऊल सर्वांत जास्त दुखते. थोडे चालले की बरे वाटते आणि माणूस ते विसरून कामाला जातो.

दुसरी गोष्ट रक्ताची. पायात उतरलेले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, सुटतात आणि हापशाच्या दांड्यासारखे रक्त वर ढकलतात. नुसते उभे राहिले की दांडा थांबला. रक्त खाली साचते, घोटे सुजतात, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात. वर्षानुवर्षे असे चालले तर काहींच्या पायांवर शिरा फुगून निळ्या गाठी दिसू लागतात. दिवसभर बांधाबांधाने फिरलेला बाप संध्याकाळी ताजातवाना, आणि एका जागी उभा राहून आलेला तरणा मुलगा पाय चोळत बसलेला, हे चित्र म्हणूनच दिसते. त्यात पोराचा आळस नाही, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

यावरून हेही उघड आहे की बूट हा अर्धाच उपाय आहे. अधूनमधून चार पावले चालणे, टाचा वर उचलून पुन्हा टेकणे, एक पाय वीतभर उंचीच्या ठोकळ्यावर ठेवून आलटून पालटून भार बदलणे आणि सवड मिळताच बसणे, हा दुसरा अर्धा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४४ वे कलमच होते की, उभ्याने काम करणाऱ्याला कामातून उसंत मिळेल तेव्हा बसता यावे अशी सोय ठेवावी. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही बसण्याची सोय सांगितलेली आहे. तेव्हा पोत्यांच्या काट्याजवळ एखादे बाकडे दिसले तर "इथे बसायला पगार देतो काय?" असे कोणी सभासदाने म्हणू नये.

मजबुतीचा मोह

आपल्याकडे बूट घेताना पहिला प्रश्न असतो, "किती हंगाम जाईल?" बूट किती टिकेल हे आपण विचारतो, त्यातला पाय किती टिकेल हे विचारत नाही. मग जाड, जड, लाकडासारखा कडक बूट हातात घेतला की मन भरते. या वजनाचा हिशेब करून पाहू. एका पाळीत माणूस ५,००० पावले टाकतो असे धरा. बूट गरजेपेक्षा नुसता २०० ग्रॅम जड असला तर दर पावलाला तेवढे जास्तीचे वजन उचलावे लागते. ५,००० गुणिले २०० ग्रॅम म्हणजे १,००० किलो. एका पाळीत एक टन! त्या टनाची पावती काट्यावर कुणी फाडत नाही.

याच्या उलट टोकाला तरुण मंडळी जातात. दुकानात बूट घातला, आत स्पंजाची गादी लागली, पाय लोण्यात रुतल्यासारखा वाटला, की पैसे मोजले. पण मऊ म्हणजे आरामाचे, हे खरे नाही. ताज्या नांगरटीतून चालताना काय होते ते आपल्याला कोणी सांगायला नको. माती मऊच असते, तरी शंभर पावलांत पोटऱ्या भरतात. बांधावरची दबलेली, किंचित गवताळ पायवाटच पायाला बरी. बुटाचा तळ तसा हवा. अंगठ्याने जोर लावून दाबला तर थोडा दबावा आणि सोडताच परत वर यावा. नुसता दबून बसणारा स्पंज दोन तासांत चपटा होतो, मग पायाखाली पुन्हा कोबाच.

आणखी एक परीक्षा करावी. बूट दोन्ही हातांनी धरून वाकवून पाहावा. तो चवड्याच्या जागी, म्हणजे आपली बोटे जिथे वाकतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध कमानीत मोडत असेल तर त्यात आधार नाही, आणि कुठेच वाकत नसेल तर तो पायाला चालू देणार नाही. टाच साधारण एक इंच उंच असावी, फार वर नको आणि अगदी सपाटही नको. टाचेभोवतीचा मागचा वाटीसारखा भाग घट्ट असावा. तो चिमटीत दाबल्यावर चेपला जात असेल तर पाय आत डुलत राहणार.

माप घेण्याची रीत

बूट कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो आपल्या पायाचा आहे की नाही, ही गोष्ट शंभरपट मोठी आहे. म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

आपले पाय रुंद आहेत. लहानपण अनवाणी गेलेल्या माणसाचा चवडा पसरलेला असतो, बोटे मोकळी असतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील सुमारे एक लाख लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून निघाल्याचे २०२४ साली वर्तमानपत्रांतून आले होते. आपल्याकडे दुकानात मिळणारा सहा, सात, आठ हा नंबर इंग्लंडच्या पद्धतीचा आहे. एका नंबरात पाव इंचाहून थोडे जास्त, नेमके सांगायचे तर एक तृतीयांश इंच अंतर असते, आणि तो नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदीबद्दल तो मुका आहे. त्यामुळे होते काय, की रुंद चवड्याचा माणूस सातात मावत नाही म्हणून आठ घेतो. मग चवडा बसतो, पण टाच मागे उचलते आणि बूट चुकीच्या जागी वाकतो. करंगळीवर कुरूप, टाचेला फोड. अशा वेळी नंबर वाढवू नये, रुंद साचा मागावा. दुकानदार "कातडे सैल होईल" म्हणेल. कातडे थोडे सैल होते हे खरे, पण पोलादी टोपीचा बूट असेल तर टोपी जन्मात सैल होत नाही. दुकानात बोट टोपीला टेकले तर तो बूट तिथेच ठेवून यावे.

माप घरीच घ्या. संध्याकाळी, काम आटोपल्यावर, कारण दिवसभरात पाय सुजून वाढतो आणि सकाळी बसलेला बूट चार वाजता आवळतो. जाड कागद कोब्यावर ठेवा, नेहमीचे मोजे घाला, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्याला पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा. बसून घेतलेले माप खोटे असते, कारण भार पडल्यावर पाय पसरतो. दोन्ही पायांची चित्रे काढा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि बूट त्या मोठ्या पायाचा घ्यायचा. रेघेवर कापलेला कागद खिशात घालून दुकानात जा. बुटातली गादी बाहेर काढून त्यावर तो ठेवा. कागद गादीच्या बाहेर डोकावत असेल तर पायही डोकावणार. गादीवर कागद ठेवल्यावर पुढे अंगठाभर जागा उरली पाहिजे.

मग बूट घाला, टाच मागे आपटून बसवा आणि त्यानंतरच नाडी आवळा. पाय पुढे असताना नाडी बांधणारे पुष्कळ आहेत, त्यांचा चांगला बूटही वाया जातो. दुकानातल्या सतरंजीवर नको, फरशीवर दहा-पंधरा मिनिटे उभे राहा. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या. बैल घेताना आपण त्याला दोन फेऱ्या चालवून पाहतोच ना?

कोणत्या जागी कोणता तळ

कारखान्याची सगळी जमीन एकसारखी नाही. पोती भरतात तिथे आणि गोडाऊनमध्ये कोबा कोरडा असतो, पण त्यावर साखरेचे कण पसरून पाय सरकतो. मिलकडे रस, पाणी आणि वंगण. सेंट्रिफ्युगलकडे मळीचे शिंतोडे, काही ठिकाणी पायाखाली लोखंडी चेकर्ड प्लेट. बॉयलरकडे धग. एकच बूट सगळ्यांना, ही खरेदीच्या कागदावरची सोय आहे, पायांची नव्हे.

कोरड्या कोब्यावर आठ तास उभे राहणाऱ्याला दुहेरी पीयू तळाचा बूट चांगला. त्यात आतला थर मऊ आणि खालचा कठीण असतो. तो वजनाला हलका आणि तेलाला दाद न देणारा. पण धगीपुढे पीयू टिकत नाही, म्हणून बॉयलरजवळ नायट्राईल रबराचा तळ पाहावा. जड पडला तरी तिथे तोच. स्वस्तातला पीव्हीसी तळ कडक असतो, उभ्याने काम करणाऱ्याने तो शक्यतो टाळावा. जिथे ओले आणि चिकट आहे तिथे तळाच्या खाचा खोल व कडेपर्यंत मोकळ्या हव्यात, म्हणजे पाणी बाहेर निघते. खाचांत मळी आणि साखर भरून गुळगुळीत झालेला नवा बूटही जुन्यासारखाच घसरतो, तेव्हा पाळी सुटल्यावर ब्रशने तळ घासावा.

इव्हॅपोरेटरच्या सफाईला कॉस्टिक सोडा वापरतात. तिथे कातडी बूट घालू नये. सोडा कातड्यातून, नाडीच्या भोकांतून आत जातो आणि पाय भाजत राहतो. तिथे गमबूटच, आणि पॅन्ट गमबुटाच्या बाहेर सोडायची. पॅन्ट आत खोचली तर ओघळ सरळ पावलावर उतरतो. गमबुटात वारा नाही, आधारही थोडा. म्हणून तो त्या कामापुरता घालावा, पाळीभर नव्हे. आत एक वेगळी गादी टाकली तर पाय कमी घसरतो.

पोलादी टोपी सगळ्यांना हवीच असे नाही. आयएस १५२९८ या भारतीय मानकात याचे भाग पाडलेले आहेत. भाग २ मधल्या सेफ्टी बुटाची टोपी २०० जूलचा आघात सोसते, म्हणजे २० किलोचे वजन साधारण एक मीटरवरून पडावे इतका. भाग ३ मधली टोपी १०० जूलची आणि भाग ४ मधल्या बुटाला टोपीच नसते. फिटिंग शॉप, मिल, क्रेनखालची जागा आणि ५० किलोची पोती हलवणारे यांना भाग २ शिवाय पर्याय नाही. मात्र प्रयोगशाळेत उभ्याने नमुने तपासणाऱ्याला तसलीच जड टोपी घालायला लावून काय मिळते? पोलादाऐवजी फायबरसारख्या हलक्या वस्तूची टोपीही मिळते. तीही २०० जूलला उतरलेली असेल तर पोलादाइतकीच भरवशाची, आणि ती धगीने तापत नाही. बुटावर आयएसआयचे चिन्ह आणि मानकाचा आकडा पाहिल्याशिवाय घेऊ नये.

इथे मालक म्हणून आपल्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. कारखाना सभासदांचा आहे, म्हणजे बूट देणारे आपणच आणि घालणारी पोरेही आपलीच. सहकारी संस्थांतून बुटांची खरेदी पुष्कळदा अशी होते: गेल्या वर्षीचे आकडे पाहून सात नंबरचे इतके, आठचे इतके, अशी ऑर्डर जाते, सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर होते आणि बूट आल्यावर ज्याला जो मिळेल तो त्याने घ्यायचा. पुढे काय होते ते मोटारसायकलच्या स्टँडवर उभे राहिले तर दिसेल. नवे बूट डिकीत आणि पायांत चपला. बूट दिल्याची सही रजिस्टरला आहे, पैसा खर्च झाला आहे, फक्त पाय उघडे आहेत. त्यापेक्षा बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक खात्यातल्या कामगारांच्या पायांची कागदी मापे घ्यावीत, दोन-तीन नमुन्यांचे जोड आठवडाभर त्या त्या खात्यात वापरून पाहावेत आणि मग दर मागवावेत. जोडामागे थोडे पैसे जास्त जातील. वार्षिक सभेत हा प्रश्न एखाद्या सभासदाने विचारला तर दराच्या चर्चेत पाच मिनिटे कमी होतील, एवढेच.

गोठ्यातला कोबा

आता आपल्या दारात येऊ. जर्सी, होल्स्टीन गाईच्या खुराला कोबा सोसत नाही म्हणून आपण तिच्याखाली रबरी मॅट टाकली. चांगले केले. पण तिच्या शेजारी रोज तीन-चार तास उभी असणारी बाई अजून झिजलेल्या स्लिपरवर आहे! शेण, मूत आणि पाणी यांत ती स्लिपर घसरते, पायांत चिखल्या होतात, भेगांत घाण जाऊन पाय पिकतो. गोठ्यात हलका, खाचांचा, धुता येणारा गमबूट हवा. मात्र पुरुषांच्या गमबुटाचा लहान नंबर बाईला देऊ नये. बायकांची टाच चवड्याच्या मानाने निमुळती असते, पुरुषी बुटात ती सैल राहते आणि बूट घोट्याला घासतो. बायकांच्या साच्याचे बूट दुकानदाराकडे मागावेत. त्याने ठेवले नसतील तर मागणी झाली की ठेवील.

मधुमेह असलेल्यांनी मात्र फारच जपावे. या आजारात पायाची जाणीव कमी होते. बूट चावला तरी कळत नाही, आत खडा राहिला तरी कळत नाही आणि जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते. अशांनी रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत, दिसत नसतील तर घरच्यांकडून पाहून घ्यावेत. बूट घालण्यापूर्वी तो उपडा करून आपटावा आणि मग आत हात फिरवावा. आपटावा हे सर्वांनाच लागू आहे. आपल्या भागात बुटात विंचूही मुक्कामाला असतो.

मोज्यांकडे कोणी लक्ष देत नाही. घामाने भिजलेला मोजा पाय मऊ करतो आणि मग फोड येतो. डब्याबरोबर मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत टाकावा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलावा. ज्यांना परवडेल त्यांनी दोन जोड बूट आलटून पालटून वापरावेत, कारण कातडे आतून पुरते वाळायला एक दिवस लागतो. ओला बूट बॉयलरच्या धगीला ठेवू नये, कातडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाऱ्याला ठेवावा. बुटातली गादी महिन्यातून एकदा बाहेर काढून पाहावी. टाचेचा खळगा कायमचा पडला असेल आणि दाबल्यावर वर येत नसेल, तर फक्त गादी बदलावी. बूट टाकायची गरज नाही.

गाळप संपल्यावर बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकायची आपली सवय आहे. पीयू तळाला ते चालत नाही. दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात तुकडे तुकडे होऊन निघतो. म्हणून दुकानात स्वस्तात मिळणारा जुना साठाही घेऊ नये. उत्पादनाचा महिना आणि वर्ष बुटावरच छापलेले असते, ते वाचावे. हंगामानंतर बूट धुऊन, वाळवून, कातड्याला पॉलिश लावून मोकळ्या हवेत ठेवावा आणि पावसाळ्यात अधूनमधून तासभर घालून फिरावे. गोठ्यापर्यंत गेले तरी चालेल.